आकाशाला एकच माप

जूनमध्ये आमच्या गच्चीवरून सूर्य समोरच्या घराच्या टाकीच्या पार उजवीकडे मावळतो आणि डिसेंबरात कोपऱ्यावरच्या कडुलिंबामागे. इंदूरच्या अक्षांशावर या दोन टोकांत सुमारे ५१ अंशांचं अंतर पडतं. हात ताठ लांब करून क्षितिजावर मूठ धरली तर ती साधारण दहा अंशांची होते, म्हणजे पाच मुठी आणि वर थोडं. वेळही अशीच सरकते. जूनच्या शेवटी सूर्यास्त सव्वासातच्या आसपास असतो, नोव्हेंबरच्या अखेरीस पावणेसहाच्याही आत. वर्षातला सगळ्यात लहान दिवस डिसेंबरात येतो, पण सगळ्यात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरातच होऊन जातो. ऑफिसातून निघायची घाई कुठल्या महिन्यात जास्त होते, त्यावरून मला हे कळलं.

मी आकाशाचे फोटो काढते. हौस म्हणूनच, पण नेमाने. लोकमान्यनगरातली आमची गच्ची ही रोजची जागा. ऑफिस वेळेवर सुटलं तर स्कूटरवरून धार रोडला सिरपूर तलाव, नाहीतर पिपल्यापाला तलाव. सिरपूरला २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, जागा मिळाली तेव्हापासून पक्ष्यांचे फोटो काढणारे खूप येतात, हातभर लांब लेन्स लावून. त्यांच्या शेजारी मी उभी असते आणि माझ्या चौकटीत बहुतेक वेळा पक्षी नसतोच.

पुष्कळ वर्षं माझ्याकडे एक साधा डीएसएलआर होता. गेल्या दिवाळीत फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, मिररलेस घेतला. या लेखात मला सांगायचंय ते या बदलाबद्दल, कारण रोज एकच विषय टिपणाऱ्या माणसाला नवा कॅमेरा जरा वेगळ्या ठिकाणी नडतो.

आधी चांगलं सांगते. जुन्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून जे दिसायचं तो खरा प्रकाश होता, आरशावरून आणि प्रिझममधून वळून डोळ्यात आलेला. म्हणूनच सूर्य चौकटीत असला की डोळा लावायची भीती वाटे. नव्यात आरसा नाही. डोळ्यासमोर एक छोटा पडदा असतो आणि सेन्सरवर जे पडतं ते त्यावर दिसतं. त्या पडद्यावर सूर्य बघायला डोळ्याला धोका नाही, फक्त लांबच्या लेन्सने कॅमेरा भर उन्हात सूर्यावर रोखून ठेवायचा नाही. एक्स्पोजर किती कमी-जास्त होतंय ते शटर दाबायच्या आधीच कळतं. ढगाची कड जळून पांढरी होणार असेल तर तिथे तिरपे पट्टे धावतात. हे सुख मोठं आहे. आधी मी फोटो काढून मागे वळवून बघायची, एक स्टॉप कमी करायची, म्हणजे उजेड निम्मा करायची, परत काढायची, आणि तेवढ्यात ती कड गेलेली असायची. बॅटरी मात्र भराभर संपते. खिशात दुसरी ठेवावी लागते.

आता नडतं कुठे ते. डिसेंबरातली एक संध्याकाळ, सिरपूरची पाळ. थंडीत माळव्यात क्षितिजालगत धुरकट थर साचतो आणि सूर्य त्यात शिरला की तांब्याच्या रंगाचा होतो. मी कॅमेऱ्यावरून बघितलं, समोर सगळं तांबूस. डोळा खिडकीला लावला, आत सगळं फिकट लिंबोणी. डोळा काढला, तांबूस. लावला, लिंबोणी. पडदा बिघडलेला नव्हता. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स आपलं काम चोख करत होता. प्रकाशात पिवळा-तांबडा जास्त दिसला की तो निळा वाढवतो, म्हणजे पांढरा कागद पांढराच दिसावा. लग्नाच्या हॉलमध्ये, घरात दिव्याखाली हे वरदान आहे. जुना कॅमेरा या कामात ढिला होता, म्हणून संध्याकाळ बरीचशी जशीच्या तशी राहायची. नवा हुशार आहे. संध्याकाळ म्हणजे त्याच्या लेखी दुरुस्त करण्याची गोष्ट.

मी तिथेच मेनूमध्ये जाऊन केल्व्हिनचा आकडा, म्हणजे प्रकाशाच्या रंगाचं माप, ५५०० वर बसवला. हा साधारण दुपारच्या उन्हाचा आकडा. तेव्हापासून तो हललेला नाही. पहाट असो, भर दुपार असो, ढगाळ करडा दिवस असो, ५५००.

जाणकार लगेच म्हणतील, रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, काढलास तर व्हाइट बॅलन्स नंतर हवा तसा बदलता येतो, एवढा घोळ कशाला? बदलता येतो हे खरंच आहे. मीही रॉमध्येच काढते. पण नंतर म्हणजे कधी? रात्री दहा वाजता, जेवणाच्या टेबलावर, वर ट्यूबलाइट. तोवर त्या तांबूसपणाची आठवण गेलेली असते आणि संगणकावरची रंगाची सरकपट्टी हातात असते. ती उजवीकडे नेली की संध्याकाळ पेटते, डावीकडे नेली की विझते, आणि दोन्ही खरंच वाटतं. शिवाय एक तांत्रिक मुद्दा आहे जो कमी सांगितला जातो. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख, रॉवरून काढलेला नसतो, कॅमेऱ्याने तयार केलेल्या जेपेग चित्रावरून काढलेला असतो, म्हणजे व्हाइट बॅलन्सचा हिशेब त्यात धरलेला असतो. सूर्यास्ताला सगळ्यात आधी लाल चॅनेल भरून वाहतो. एकत्र आलेख बघून सगळं ठीक वाटतं आणि लाल मात्र उजव्या भिंतीला टेकलेला असतो; मग केशरी ढगाचा पोत जातो आणि तिथे एक सपाट डाग उरतो. म्हणून मी तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे लावते, आकडा एकच ठेवते, आणि लाल टेकायच्या आत थांबते. जमीन काळी पडली तर पडू दे. मला तलावाकाठची झाडं दाखवायची नाहीत.

यापेक्षा अवघड प्रश्न डोळ्याचा आहे. डोळाही काही तटस्थ साक्षीदार नाही. तोही सतत जुळवून घेत असतो, म्हणूनच पिवळ्या दिव्याखाली बसूनही आपल्याला वहीचं पान पांढरं दिसतं. आणि उजेड खूप कमी झाला की त्याची रंगांची पसंतीच बदलते. मे महिन्यात गुलमोहर फुललेला असताना हे बघावं. सूर्य गेल्यावर काही वेळ फुलं लाल असतात आणि पानं हिरवी. अंधार वाढतो तशी फुलं आधी काळवंडतात. पानं अजून पुरती ओळखू येत असतात आणि मगाशी झाडभर पेटलेला लाल कुठे गेला ते समजत नाही. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी आपल्या आवडत्या फुलांवरून हे नोंदवलं होतं. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या गुलमोहराखाली मी ते घड्याळ लावून बघितलंय. कॅमेऱ्यात त्याच वेळी फुलं लालच येतात.

मग खरा रंग कोणाचा? बरेच दिवस हा प्रश्न मला छळत होता, आणि त्याचं उत्तर मी सोडून दिलं. मी रोज तेच आकाश टिपते. मला आजचं आकाश कालच्याशी आणि या चैत्राचं मागच्या चैत्राशी लावून बघायचं असतं. त्यासाठी माप रोज तेच हवं. कॅमेरा रोज आपल्या बुद्धीने रंग जुळवत बसला तर सगळ्या संध्याकाळी थोड्याथोड्या एकसारख्या होत जातात, आणि जो फरक बघायला मी एवढी धडपडते तोच पुसला जातो. आकडा स्थिर ठेवला की जो फरक उरतो तो आकाशाचा. त्या दिवशीच्या धुळीचा, बाष्पाचा, धुराचा.

आणि फरक केवढा असतो! एप्रिलमध्ये गहू निघाल्यावर शेतांत नरवाई, म्हणजे मागे उरलेले खुंट, जाळतात, तेव्हा सूर्य क्षितिजापर्यंत पोचतच नाही, त्याच्या वरच राखाडी थरात एक निस्तेज चकती होऊन विरतो. मेमध्ये आकाश निळं नसतंच. धुळीने पांढरटलेलं असतं, आणि माझ्या फाइलींत तो पांढरटपणा स्पष्ट दिसतो, कारण धुळीचे कण मोठे असतात आणि ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. हवेचे रेणू मात्र निळा पुष्कळ जास्त विखुरतात. लॉर्ड रॅलीने १८७१ साली हे मांडलं. पहिल्या जोरदार पावसाच्या दुसऱ्या दिवशीचं आकाश आणि त्याच्या आठवडाभर आधीचं, ही दोन चित्रं शेजारी ठेवली की पावसाने हवेतून काय काय खाली आणलं ते समजतं. ऑटोवर काढलेल्या फोटोंत हे सगळं अर्धं होतं.

फोटोग्राफीत आकाश येणं हीच मुळात फार जुनी गोष्ट नाही. आणि ही आठवण इंदूरला काढायलाच हवी, कारण राजा दीनदयाळ इथेच फोटोग्राफर झाले. १८४४ साली सरधन्यात जन्म, रुरकीला थॉमसन कॉलेजात इंजिनिअरिंगचं शिक्षण, मग इंदूरला बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी. १८७४च्या सुमारास, नोकरीत असतानाच, त्यांनी कॅमेरा हातात घेतला. दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य भारतातले ब्रिटिश सरकारचे एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना हात दिला, इंदूरलाच स्टुडिओ निघाला, आणि पुढे ते निजामाच्या हैदराबादेत नावारूपाला आले. नोकरी सांभाळून फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने या माणसाच्या सुरुवातीच्या वर्षांकडे बघावं असं मला मनापासून वाटतं.

त्यांनी टिपलेल्या मध्य भारतातल्या इमारती बघा. दगडाचा एकेक सांधा दिसतो, सावलीतली जाळी दिसते, आणि वर आकाश बहुतेक कोरं. त्या काळच्या काचेच्या प्लेटांवरचं रसायन निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होतं आणि लाल-पिवळ्याला जवळजवळ आंधळं. इमारत नीट उमटेपर्यंत आकाश जळून जायचं, निळं आणि ढगांचं पांढरं दोन्ही एकच होऊन. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरने १८५६-५७च्या आसपास यावर तोड काढली होती, समुद्रासाठी एक निगेटिव्ह आणि आकाशासाठी दुसरी, मग छापताना दोन्ही जोडायच्या. १८७३ साली हेर्मान फोगेलने प्लेटमध्ये रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा-पिवळाही दिसायला लावला, तिथून वाट खुली झाली. दीनदयाळांच्या हयातीतच ओल्या प्लेटा जाऊन कोरड्या आल्या. तंबूत अंधारात प्लेट ओली करून, ती सुकायच्या आत फोटो काढून धुवायची धावपळ संपली. इतकी मोठी साधनं बदलूनही त्यांच्या चौकटीची शिस्त बदलली नाही. मी नवा कॅमेरा घेतला तेव्हा त्यांची चित्रं परत एकदा नीट बघितली, ती यासाठी.

आमच्या या शहराला आकाश रंगवणाऱ्यांचीही परंपरा आहे. देवळालीकरांनी १९२७ साली इथे चित्रकला शाळा काढली. बेंद्रे, चिंचाळकर गुरुजी आणि हुसेन तिथलेच. बेंद्रे तर जन्माने इंदूरचे. चित्रकाराला आकाशाच्या रंगाचा निर्णय ब्रश टेकवायच्या आधी घ्यावाच लागतो, त्याच्यासाठी तो दुसरं कुणी घेत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की फोटो काढणाऱ्यानेही तो तिथे उभं असतानाच घ्यावा.

आता धूळ. आकाश टिपणाऱ्याला सेन्सरवरच्या धुळीएवढा दुसरा ताप नाही. झाडाझुडपांच्या फोटोत एखादा कण लपून जातो. सपाट निळ्यावर तो करडा ठिपका होऊन बसतो. लेन्सचं भोक मोठं असताना, म्हणजे एफ ५.६ला, कणाची सावली पसरून दिसेनाशी होते, आणि एफ १६ला गेलं की सगळे ठिपके एकदम हजेरी लावतात. तपासायचं कसं, तर एफ १६ लावून निव्वळ आकाशाचा फोटो काढायचा आणि पडद्यावर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकत जायचं. मिररलेसमध्ये आरसा नसल्याने लेन्स काढली की माझ्या कॅमेऱ्यात सेन्सर थेट उघडाच पडतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये घराबाहेर लेन्स बदलायचीच नाही, हा माझा नियम. सकाळी ठरवायचं, २४-७० मिलिमीटरची लेन्स की लांबची, आणि दिवसभर तीच. घरी बदलताना पंखा बंद, कॅमेरा बंद, तोंड खाली, आणि ब्लोअरचे चार झोत. कापसाने पुसण्याच्या फंदात पडू नये.

जुना पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा लेन्सपुढचा फिल्टर, नव्या लेन्सवर बसेना, म्हणून स्टेप-अप रिंग, म्हणजे जोडकडं, घेतलं. पण फुल फ्रेमवर २४ मिलिमीटरला तो मी आता काढूनच ठेवते. आकाशातला प्रकाश सूर्यापासून काटकोनात सगळ्यात जास्त ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो. तर्जनी सूर्याकडे रोखायची, अंगठा तिला काटकोनात धरायचा आणि मनगट फिरवायचं. अंगठा जिथून जिथून जातो तो पट्टा पोलरायझरने गडद होतो. रुंद लेन्समध्ये आकाशाचा एवढा मोठा भाग मावतो की हा पट्टा मधोमध गडद निळा आणि दोन्ही बाजू फिक्या, असं दिसायला लागतं. जुन्या कॅमेऱ्याच्या छोट्या सेन्सरवर तेवढ्याच मिलिमीटरची लेन्स कमी भाग दाखवायची, तेव्हा हे जाणवत नसे.

सिरपूरला परवा एका रखवालदाराने मला विचारलं, "मॅडम, सूरज तो उधर है, आप इधर किसका फोटो ले रहे हो?" मी पूर्वेकडे तोंड करून उभी होते. त्याला म्हटलं, दोन मिनिटं थांबा आणि त्या इमारतींच्या वर बघा. सूर्य बुडाल्यावर पूर्वेला क्षितिजालगत एक करडा-निळा पट्टा वर चढू लागतो आणि त्याच्या माथ्यावर गुलाबी झालर असते. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली, आपल्याच वातावरणावर पडलेली. ती चढताना दिसते, बसल्या जागी. आपल्याकडे सूर्य बराच उभा खाली जातो, त्यामुळे संधिप्रकाश लवकर आटोपतो. वीस-पंचवीस मिनिटांत दिवे लावावे लागतात, आणि सावली तर त्याच्याही आधी आकाशात मिसळून जाते. रखवालदार बघत राहिला. "रोज होता है ये?" आकाश मोकळं असेल तर रोज. तलावावर जमलेल्या सगळ्यांनी एकदा तरी मागे वळावं, एवढं मला वाटतं. पश्चिमेचे फोटो जगात पुरेसे आहेत.

रंगाची नोंद ठेवायला मला सगळ्यात जास्त मदत होते ती सासूबाईंची. गुडघ्यांमुळे त्या तलावावर येत नाहीत, पण संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसतात. आयुष्यभर साड्यांची पारख केलेली नजर. मी आले की विचारते, "आई, आज कसं होतं?" आणि त्या सांगतात. "खाली पारवा, वर अबोली, पण अबोली कालच्यापेक्षा फिका हं. आणि तिकडे मावळतीला आधी डाळिंबी झालं, मग आमसुली होऊन गेलं." हे मी तारीख-वेळेसकट वहीत लिहून घेते. मग रात्री फाइल उघडली की आधी वही वाचते. एकदा मी फोटो दाखवला तर म्हणाल्या, "अगं, एवढं लाल नव्हतं. हे तू केलंस." केलं होतं, सरकपट्टीने थोडं. ती फाइल परत ५५००वर नेली, आणि पट्टीला हात न लावता तशीच ठेवली.

या सगळ्यात एक गोष्ट अजून सुटायची आहे. जुन्या कॅमेऱ्याने काढलेल्या एवढ्या वर्षांच्या संध्याकाळी आणि नव्याने काढलेल्या यांची तुलना कशी करायची? आकडा दोन्हींत ५५०० ठेवला तरी दोन्ही सेन्सरवरचे लाल-हिरवे-निळे फिल्टर वेगळे, आतली गणितं वेगळी. जुन्याचा निळा किंचित जांभळ्याकडे झुकतो. सांध्यावर माझी मालिका तुटते आणि तुटायला नको आहे. म्हणून सध्या मी दोन्ही कॅमेरे घेऊन निघते. ट्रायपॉडवर आधी जुना, मग नवा, तीच दिशा, तेच मिनिट, शक्य तितका तोच कोन. जोड्या जमताहेत. हिवाळ्याचा धुरकट तांबूस झाला, नरवाईचा एप्रिल झाला. मेचा पांढरट, जूनमधले वळवाचे काळे ढग आणि ऑक्टोबरचा धुतलेला निळा राहिलाय. दुकानदार दर महिन्याला फोन करून जुन्या कॅमेऱ्याचे किती देईन ते सांगतो, आणि हे म्हणतात, कपाटात जागा नाही. दिवाळीपर्यंत तो विकायचा नाही, एवढं मी दोघांनाही सांगून ठेवलंय.